सरासरी ३७, पण कोणाची?

दर उन्हाळ्यात कर्नाटकात एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेचा, निकाल लागला की बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो, तो म्हणजे जिल्ह्याचा टक्का. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ टक्क्यांसह राज्यात पहिला आला आणि कलबुर्गी ४२.४३ टक्क्यांसह शेवटचा. त्याच्या आदल्या वर्षी तळाला शेजारचा यादगीर होता, ५०.५९ टक्क्यांवर. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या सीमेलगतच्या तालुक्यांतल्या मराठी शाळाही आपापल्या जिल्ह्याच्या आकड्याखाली मोजल्या जातात. शाळा कशी आहे, गुरुजी कसे शिकवतात, पोरांत दम आहे की नाही, याबद्दलची मते त्या एका टक्क्यावरून ठरतात.

या आकड्यात काय असते आणि काय गळून गेलेले असते, हे समजून घ्यायचे तर त्याच परीक्षेच्या गणितातला एक धडा उघडावा लागतो. तो धडा सांख्यिकीचा. आयतालेख पाहून सरासरी काढणे हे त्यातले कौशल्य परीक्षेत चार-दोन गुणांपुरते असते. पण शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीत, बसणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना ते यायला हवे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही.

चित्र कसे वाचायचे

समजा, औराद तालुक्यातल्या एका मराठी शाळेत दहावीला ४० मुले-मुली आहेत आणि गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आहे. (इथले शाळांचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कुठल्याही खऱ्या शाळेचे नाहीत.) चाळीस जणांचे गुण एकाखाली एक लिहिले तर नजरेला काही उमगत नाही. म्हणून दहा-दहा गुणांचे वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गात किती मुले आली ते मोजायचे. या संख्येला वारंवारता म्हणतात.

० ते १० गुण: २ मुले
१० ते २०: ५
२० ते ३०: ९
३० ते ४०: ८
४० ते ५०: ६
५० ते ६०: ५
६० ते ७०: ३
७० ते ८०: २

नेमके २० गुण मिळालेले मूल कुठे मोजायचे? रिवाज असा की ते वरच्या, म्हणजे २० ते ३० च्या वर्गात जाते. शेवटच्या वर्गात मात्र पैकीच्या पैकी, ८० गुण मिळवणाराही सामावून घेतात.

आता आडव्या अक्षावर गुण आणि उभ्या अक्षावर मुलांची संख्या घेऊन प्रत्येक वर्गावर तेवढ्या उंचीचा आयत उभा केला की आयतालेख तयार होतो. कार्ल पिअर्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आकृतीला ‘हिस्टोग्राम’ हे नाव दिले. स्तंभालेख आणि आयतालेख दिसायला सारखे असले तरी त्यांच्यात मूलभूत फरक आहे. तालुक्यात कन्नड, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा किती, हे स्तंभालेखात दाखवतात. तिथे स्तंभांमध्ये मोकळी जागा असते आणि त्यांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. आयतालेखात आडवा अक्ष मोजपट्टीसारखा सलग असतो, म्हणून आयत एकमेकांना चिकटलेले असतात आणि कुठलाही आयत जागचा हलवता येत नाही.

सरासरी काढण्याची रीत

सरासरी म्हणजे सर्वांच्या गुणांची बेरीज भागिले मुलांची संख्या. अडचण अशी की आयतालेखात कोणाचेच नेमके गुण दिसत नाहीत. २० ते ३० या वर्गात नऊ मुले आहेत एवढेच कळते. त्यांना २१ मिळाले की २९, हे चित्र तयार होतानाच पुसले गेले. मग प्रत्येक मुलाला त्याच्या वर्गाच्या मधोमध असलेले गुण मिळाले असे धरतात. हा मधला बिंदू म्हणजे वर्गमध्य. काही मुले त्याच्या वर असतील, काही खाली, आणि या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतील, हा त्यामागचा विचार.

पहिल्या वर्गाचा मध्य ५, दुसऱ्याचा १५, असे करत शेवटच्याचा ७५. प्रत्येक वर्गमध्याला त्या वर्गातल्या मुलांच्या संख्येने गुणायचे: २ × ५ = १०, ५ × १५ = ७५, ९ × २५ = २२५, ८ × ३५ = २८०, ६ × ४५ = २७०, ५ × ५५ = २७५, ३ × ६५ = १९५ आणि २ × ७५ = १५०. सगळ्यांची बेरीज १४८०. तिला ४० ने भागले की सरासरी येते ३७.

परीक्षेत वेळ वाचवायचा असेल तर आधी अंदाज बांधायचा आणि मग तो दुरुस्त करायचा. चित्र पाहून सरासरी ३५ च्या आसपास असावी असे मानू. आता ३५ च्या वर्गाला ० म्हणायचे, उजवीकडच्या वर्गांना १, २, ३, ४ आणि डावीकडच्यांना उणे १, उणे २, उणे ३. या लहान अंकांना मुलांच्या संख्येने गुणून बेरीज केली की डावीकडून उणे २५ आणि उजवीकडून अधिक ३३, म्हणजे एकूण ८ मिळतात. ८ भागिले ४० म्हणजे ०.२. प्रत्येक वर्ग दहा गुणांचा असल्यामुळे ०.२ × १० = २ एवढी दुरुस्ती ३५ मध्ये मिळवायची, की पुन्हा ३७. पाठ्यपुस्तकात या रीतीला मध्यप्रमाण विचलन पद्धती असे भारदस्त नाव आहे, पण आपला अंदाज किती चुकला ते मोजून भरून काढणे, एवढेच तिच्यात घडते.

आयतालेख जाड पुठ्ठ्यावर काढून, कापून, तो पट्टीच्या कडेवर आडवा तोलून धरला, तर तो बरोबर ३७ च्या रेषेवर तोलला जाईल. उजवीकडच्या टोकाचे दोन-तीन हुशार विद्यार्थी मध्यापासून लांब असल्यामुळे संख्येने थोडे असूनही तोल आपल्याकडे ओढतात. सरासरीचा स्वभाव या प्रयोगातून हाताला कळतो, आणि एका तासिकेत तो सहज करून दाखवता येतो.

कुठे घसरायला होते

पहिली चूक म्हणजे फक्त वर्गमध्यांची सरासरी काढणे: ५ पासून ७५ पर्यंतच्या आठ संख्यांची बेरीज करून आठाने भागले की ४० येतात. इथे दोन मुलांच्या वर्गाला आणि नऊ मुलांच्या वर्गाला सारखेच वजन दिले गेले. दुसरी चूक म्हणजे आयतांच्या उंचीची सरासरी काढणे: ४० मुले भागिले आठ आयत म्हणजे ५. हे एका वर्गात सरासरी किती मुले आहेत ते सांगते, गुणांशी त्याचा संबंध नाही. तिसरी चूक म्हणजे १४८० ला मुलांऐवजी आयतांच्या संख्येने भागणे. उत्तर येते १८५. पेपर ८० गुणांचा असताना सरासरी १८५ असू शकत नाही, हे तपासायला क्षणभर थांबले तरी चूक पकडता येते. सरासरी नेहमी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांच्या दरम्यानच असते, आणि चित्रातला मोठा उंचवटा तिला फार लांब जाऊ देत नाही.

चौथी चूक जास्त सूक्ष्म आहे. एनसीईआरटीच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात अनेक वर्षे एक सुरेख उदाहरण होते. १०० गुणांच्या गणिताच्या चाचणीत ९० मुलांचे गुण असे विभागलेले: ० ते २० मध्ये ७, मग २० ते ३० मध्ये १०, ३० ते ४० मध्ये १०, ४० ते ५० मध्ये २०, ५० ते ६० मध्ये २०, ६० ते ७० मध्ये १५ आणि ७० च्या वर ८. इथे वर्गांची रुंदी सारखी नाही. पहिला वर्ग वीस गुणांचा आणि शेवटचा तीस गुणांचा आहे. अशा वेळी मुलांची संख्या आयताच्या क्षेत्रफळातून दिसली पाहिजे, म्हणून पहिल्या आयताची उंची ३.५ आणि शेवटच्याची सुमारे २.६७ ठेवतात. जो विद्यार्थी उंचीलाच मुलांची संख्या समजेल, त्याच्या हिशेबात ९० मुलांची ८१ होतील आणि दोन्ही टोकांची बरीच मुले गायब होतील. क्षेत्रफळावरून संख्या परत मिळवली तर गुणांची बेरीज ४३२५ आणि सरासरी सुमारे ४८ येते.

ही सरासरी कितपत खरी?

आयतालेखावरून काढलेली सरासरी हा अंदाज असतो, पण तो किती चुकू शकतो हे सांगता येते. आपल्या शाळेतली सगळी मुले आपापल्या वर्गाच्या तळाला असती तर सरासरी ३२ झाली असती. सगळी वरच्या टोकाला असती तर जवळपास ४२. म्हणजे चूक कधीही वर्गाच्या निम्म्या रुंदीपेक्षा, म्हणजे पाच गुणांपेक्षा, जास्त होणार नाही. वर्गाच्या आत मुले साधारण सारखी विखुरलेली असतील, तर चाळीस जणांच्या हिशेबात हा फरक बहुधा एका गुणाच्या आतच राहतो. आणखी एक बारकावा: गुण पूर्णांकात दिले असतील तर १० ते २० च्या वर्गात १० ते १९ हेच गुण येतात आणि त्यांचा खरा मध्य १४.५ असतो. त्यामुळे पुस्तकी उत्तर खऱ्यापेक्षा अर्ध्या गुणाने वर असण्याचा संभव असतो. परीक्षेत १५ च धरायचे, पण हे माहीत असावे.

हा अंदाज खरा बिघडतो तो मुले वर्गात एका बाजूला गोळा झाली की. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेला मातुरा म्हणतात आणि उत्तीर्णतेसाठी ३० टक्के गुण लागतात. तिथल्या पोलिश भाषेच्या पेपरचा गुणागुणाचा आयतालेख प्रसिद्ध आहे. बाकी सगळीकडे गुळगुळीत असलेला हा आलेख ३० टक्क्यांच्या अलीकडे एकदम खाली बसतो आणि ३० वर सुळक्यासारखा उभा राहतो. रेषेच्या किंचित अलीकडे अडकलेल्या मुलांना परीक्षकांनी हात देऊन पलीकडे घेतले, हे त्या चित्रात स्पष्ट दिसते. दहा-दहा गुणांचे रुंद वर्ग घेतले असते तर ही गोष्ट कधीच दिसली नसती.

खोदकामाच्या खोलीचा हिशेब

वेगवेगळ्या मापांवरून एक प्रातिनिधिक माप काढण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात खोदकामाचे गणित मांडले. नवव्या शतकातल्या पृथूदकस्वामींच्या टीकेत त्याचे एक उदाहरण आहे. तीस हात लांब आणि आठ हात रुंद खोदकाम; लांबीचे पाच भाग ४, ५, ६, ७ आणि ८ हातांचे; त्यांची खोली अनुक्रमे ९, ७, ७, ३ आणि २ हात. सरासरी खोली किती? प्रत्येक भागाची लांबी त्याच्या खोलीने गुणायची: ३६, ३५, ४२, २१, १६. बेरीज १५०. तिला एकूण लांबी ३० ने भागले की ५ हात. नुसत्या पाच खोल्यांची सरासरी काढली असती तर ५.६ आली असती आणि मजुरांच्या कामाचा हिशेब चुकला असता. आयतालेखात आपण हेच करतो. लांबीच्या जागी मुलांची संख्या आणि खोलीच्या जागी वर्गमध्य घातला की रीत तीच.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला, तेव्हा आजचे बसवकल्याण हे चालुक्यांच्या राजधानीचे नगर होते. त्या ग्रंथातल्या लीलावतीत खातव्यवहार हे प्रकरण आहे. वेड्यावाकड्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७ हात आणि खोली २, ४, ३ हात भरली, तर प्रत्येकीची सरासरी ११, ६ आणि ३ घेऊन घनफळ १९८ घनहात काढायचे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. जितक्या जास्त ठिकाणी माप घ्यावे तितकी सरासरी खऱ्याच्या जवळ जाते, असे त्यांनी तिथे नोंदवले. वर्ग अरुंद पाडले आणि मुले जास्त असली की आयतालेखाचा अंदाज का सुधारतो, ते यावरूनही कळते.

दोन शाळा, एकच सरासरी

आता त्याच तालुक्यातली दुसरी एक शाळा घेऊ. इथेही ४० मुले, तोच पेपर. वर्गवारी अशी: ० ते १० मध्ये ६ मुले, १० ते २० मध्ये ९, २० ते ३० मध्ये ४, ३० ते ४० मध्ये १, ४० ते ५० मध्ये २, ५० ते ६० मध्ये १०, ६० ते ७० मध्ये ६ आणि ७० ते ८० मध्ये २. वरच्या रीतीने हिशेब केला तर बेरीज पुन्हा १४८० आणि सरासरी पुन्हा ३७.

कागदावर दोन्ही शाळा सारख्याच. पण चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर कोणालाही फरक दिसेल. पहिल्या शाळेचा एकच उंचवटा आहे, वीस ते चाळीसच्या दरम्यान, आणि तिथून उजवीकडे उतार. दुसऱ्या शाळेत दोन उंचवटे आहेत, मध्ये दरी. पहिल्या शाळेत वीसच्या खाली ७ मुले आहेत, दुसरीत १५. पन्नासच्या वर पहिलीत १०, दुसरीत १८. तीस ते पन्नासच्या मधल्या पट्ट्यात पहिलीत १४ मुले आहेत, तर दुसरीत अवघी ३. या शाळेत ३७ गुणांच्या आसपासचा विद्यार्थी जवळपास नाहीच. तिची सरासरी ज्या जागेवर बोट ठेवते तिथे एकच मूल बसलेले आहे.

मध्यक काढला, म्हणजे सगळ्यांना गुणांच्या क्रमाने उभे करून मधल्याचे गुण पाहिले, तर पहिल्या शाळेत ३५ येतात आणि दुसरीत ४०. सर्वाधिक गर्दी कुठे आहे ते सांगणारा बहुलक पहिल्या शाळेत २८ आहे. बहुलक २८, मध्यक ३५ आणि सरासरी ३७ हा चढता क्रम दिसला की समजावे, शेपूट उजवीकडे आहे: थोडी मुले खूप पुढे गेली आहेत आणि बहुसंख्य मागे आहेत. दुसऱ्या शाळेत मध्यक सरासरीच्या वर आहे, कारण तिथे डावीकडची पंधरा मुले तोल खाली ओढतात.

या दोन शाळांवर उपाय एकच असू शकत नाही. पहिल्या शाळेत सगळ्या वर्गाला एकत्र घेऊन उजळणी आणि सराव वाढवला तर बहुतेकांना फायदा होईल. दुसऱ्या शाळेत तसे केले तर अर्धी मुले कंटाळतील आणि पंधरा मुलांना काहीच कळणार नाही. तिथे आधी विचारायला हवे की डावीकडची मुले कोण आहेत. ऊसतोडीला किंवा पुणे-मुंबई-हैदराबादच्या बांधकामांवर आईवडिलांबरोबर गेल्याने त्यांची शाळा बुडाली का? घरी लंबाणी, दखनी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरणातले मराठी अडते का? की चौथी-पाचवीतला भागाकार आणि अपूर्णांकच कच्चा राहिला आहे? ‘प्रथम’ संस्था २००५ पासून करत असलेले ‘असर’ सर्वेक्षण याच दिशेने जाते. ते गणिताची सरासरी सांगत बसत नाही. किती मुलांना अंक ओळखता येतात, किती जणांना वजाबाकी येते आणि किती जणांना भागाकार, अशा पायऱ्यांवर मुले मोजते. कोणत्या पायरीवर किती मुले अडली हे कळले की शिकवणे कुठून सुरू करायचे ते कळते.

टक्का आणि सरासरी

जिल्ह्याचा जो टक्का आपण ऐकतो तो सरासरी नसतो. विषयापुरते बोलायचे तर आयतालेखावर उत्तीर्णतेची उभी रेषा मारली की तिच्या उजवीकडे किती मुले आहेत, एवढेच तो मोजतो. उदाहरणापुरती ८० पैकी ३५ टक्के म्हणजे २८ गुण ही रेषा धरू. ती २० ते ३० च्या वर्गाच्या पोटातून जाते. पहिल्या शाळेत त्या वर्गात नऊ मुले आहेत. ती सगळी २८ च्या खाली असतील तर ४० पैकी २४ पास, म्हणजे ६० टक्के. सगळी २८ किंवा २९ वर असतील तर ३३ पास, म्हणजे ८२.५ टक्के. सरासरीत मात्र या फरकाने एखाद-दुसऱ्या गुणापलीकडे काही हलणार नाही. दुसऱ्या शाळेत त्या वर्गात चारच मुले आहेत, म्हणून तिचा निकाल ५२.५ ते ६२.५ टक्क्यांच्या मध्येच राहील. सरासरी तीच, टक्का मात्र वेगळा.

टक्का हे रेषेच्या जवळ उभ्या असलेल्या मुलांचेच माप आहे, हे यावरून लक्षात यावे. जे मूल वर्षभरात ६ वरून २३ वर आले, त्याने आणि त्याच्या शिक्षकांनी केवढी मजल मारली. पण टक्क्यात तिची नोंद शून्य. २७ चे २८ झाले की मात्र टक्का वाढतो. शाळेवर फक्त टक्क्याचा दबाव आला तर सगळे बळ रेषेजवळच्या मुलांवर खर्च होते आणि डावीकडच्या टोकाला असलेली मुले हिशेबातून सुटतात. सरासरी त्यांची प्रगती दाखवते, पण दरी लपवते. दोन्ही आकडे जिथून निघतात तो आयतालेख हातात असला की दोन्हींतली उणीव भरून निघते.

तालुका आणि जिल्हा

शाळांच्या सरासऱ्या एकत्र करतानाही तोच खोदकामाचा नियम लागतो. एका गावातल्या शाळेत १२ मुले, सरासरी ५२. तालुक्याच्या ठिकाणी १०८ मुले, सरासरी ३२. दोन्हींची सरासरी ४२ म्हणणे चूक आहे. १२ × ५२ आणि १०८ × ३२ यांची बेरीज ४०८०, भागिले १२०, म्हणजे ३४. छोट्या चांगल्या शाळेमुळे तालुका आठ गुणांनी वर दिसला असता.

मोठा भाग एका आकड्यात बसवला की आतली दरी दिसेनाशी होते, हे कर्नाटकाने सरकारी पातळीवरही ओळखले. प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी नेमलेल्या डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये अहवाल दिला, तेव्हा तिने जिल्ह्यांवर न थांबता तालुका हे एकक घेतले. राज्याची सरासरी १ धरून तेव्हाच्या १७५ तालुक्यांचा विकास निर्देशांक काढला. त्यातून ११४ तालुके मागास ठरले आणि त्यांतले ३९ अति मागास. अति मागासांपैकी २१ एकट्या गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) विभागातले होते. पुढे २०१२ मध्ये ९८ वी घटनादुरुस्ती झाली आणि हैदराबाद-कर्नाटक भागाला ३७१ (जे) कलमाखाली विशेष दर्जा मिळाला. राज्याच्या एका सरासरीकडे पाहत बसलो असतो तर या भागाची मागणी मांडायला आकडेच मिळाले नसते.

सरासरीला रेषा मानायचे का, या प्रश्नावर महाराष्ट्रातही एक महत्त्वाचा वाद झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला. त्यात माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरला होता. साताऱ्याच्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले आणि जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली. माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. गरजेच्या सरासरीलाच रेषा मानले तर निरोगी लोकांपैकीही जवळपास निम्मे उपाशी ठरतील, असे त्यांचे म्हणणे होते. या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. शाळेसाठी त्यातून घ्यायचा धडा असा: ‘सरासरीच्या खाली’ हे मुलावर मारायचे लेबल नाही. चांगल्यातल्या चांगल्या वर्गातही साधारण निम्मी मुले सरासरीच्या खाली असतातच.

शाळेला काय विचारायचे

घटक चाचणी, सहामाही, पूर्वतयारी परीक्षा, यांचे गुण प्रत्येक शाळेत असतातच. त्यांचा आयतालेख काढायला चौकटीचा एक कागद आणि अर्धा तास पुरतो. नावे लिहायची गरज नाही, त्यामुळे कोणा मुलाची मान खाली जाणार नाही. एसडीएमसीच्या बैठकीत पालकांनी तो मागावा आणि पाच गोष्टी पाहाव्यात. आयतांतल्या मुलांची बेरीज पटाशी जुळते का? उंचवटा एक आहे की दोन? उत्तीर्णतेची रेषा कुठल्या वर्गातून जाते आणि तिच्या लगतच्या अलीकडे किती मुले आहेत? सर्वांत डावीकडच्या दोन आयतांतल्या मुलांसाठी शाळा काय करणार आहे? आणि मागच्या चाचणीचे चित्र शेजारी ठेवले तर सगळा उंचवटा उजवीकडे सरकला आहे की फक्त रेषेपाशी गर्दी वाढली आहे? सरासरी याच्यानंतर काढावी, दहावीच्या विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी, म्हणजे त्यांचा परीक्षेचा सरावही होईल.

कलबुर्गीचा टक्का वर यावा असे इथल्या प्रत्येक घराला वाटते आणि ते योग्यच आहे. तो टिकाऊपणे वर येईल तो डावीकडच्या आयतांतली मुले एकेक वर्ग पुढे सरकल्याने. ती किती आहेत आणि कुठे अडली आहेत हे प्रत्येक शाळेने निकालाच्या दिवसाआधी, वर्षाच्या पहिल्या चाचणीलाच मोजले, तर मे महिन्यातल्या आकड्याची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही.